पत्त्यावर राहत नाही

गाडीच्या भानगडीत माझे दोन फोटो निघाले. पहिला चंद्रपूरच्या शोरूममध्ये, दसऱ्याच्या दिवशी. नवऱ्याच्या हातात थर्माकोलची हातभर लांब चावी, गळ्यात झेंडूचा हार, शेजारी मी नव्या मोरपंखी साडीत, आणि मागे पांढरीशुभ्र नऊ सीटांची गाडी. दुसरा त्यानंतर पाचव्या दिवशी आमच्याच गावात निघाला, मला न विचारता. त्या दुसऱ्या फोटोने आमचं घर मोडलं. तरी तो काढणाऱ्यावर माझा राग नाही. राग आहे तो शोरूमवर, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या जिभेवर.

माझं नाव दिव्यानी. मुलचेऱ्यापासून नऊ किलोमीटर आत चिचेटोला नावाचं गाव आहे, तिथे मी अंगणवाडी सेविका आहे. नवऱ्याचं नाव आदेश निकुरे. एरवी मी त्यांना नावाने बोलवत नाही, पण फाइलवर तेच नाव आहे आणि सगळी रड त्या नावापासूनच सुरू झाली, तेव्हा इथे लिहिते.

आदेशकडे काळी-पिवळी होती. मुलचेरा ते आष्टी, माणशी भाडं घेऊन चालणारी जुनी जीप. नऊ वर्षं त्यांनी ती चालवली. मोठी लहरी होती. थंडीत सकाळी चालू करायची तर डिझेलचा हातपंप बरोबर सात वेळा दाबायचा, मग बॉनेटवर एक थाप द्यायची आणि उतारावर सोडायची. आठव्यांदा पंप दाबला की रुसून बसायची, मग दुपारपर्यंत नाव नको. ही कळ आदेशशिवाय कोणाला साधली नाही. गावातली अकरा बाळंतपणं त्या जीपने वेळेत दवाखान्यात पोचवली आणि दोन पोरं तर तिच्यातच जन्माला आली. त्यांची वजनं माझ्या रजिस्टरमध्ये आहेत.

पण जीपचं वय झालं. परमिट पुढे वाढणार नाही असं आरटीओतून कळलं. नवी गाडी घेणं भाग होतं, नाहीतर आदेशने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी करायची. ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. "मालक आहो म्हनून लोक मले नावानं ओळखतात," ते म्हणायचे. "ड्रायव्हरले कोन ओळखते? त्याले नुसतं ए ड्रायव्हर म्हनतात."

तर ठरलं असं की जुनी जीप शोरूमला द्यायची, तिची किंमत आणि आमची शिल्लक मिळून डाउन पेमेंट भरायचं, बाकीचं फायनान्स. शोरूममध्ये प्रणित नावाचा सेल्समन होता. पंचविशीतला, केसांना जेल लावलेला, बोलायला मधाळ. त्याने आमची फाइल फायनान्स कंपनीकडे पाठवली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी निरोप दिला की उद्याच गाडी घेऊन जा.

"पन फायनान्स झालं का?" शोरूममध्ये पोचल्यावर मी विचारलं.

"झाल्यातच जमा आहे वहिनी. दोन दिवसात कागद येऊन जाते. आज दसरा आहे, अठरा गाड्या काढून राह्यलो आमी. मुहूर्त गेला तं तुमीच म्हणाल, प्रणितनं सांगितलं नाई."

त्याने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. सहकर्जदार म्हणून मलाही सह्या करायच्या होत्या. मी वाचायला लागले तर तो घड्याळाकडे बघून हसला. मागे दुसरं कुटुंब हार घेऊन उभं होतं, पेढ्यांचा बॉक्स उघडला होता. मी अंगणवाडीत रोज नऊ रजिस्टरं भरते. एका पोराचं वजन शंभर ग्रॅम इकडचं तिकडे झालं तर पर्यवेक्षिका माझी हजेरी घेते. आणि त्या दिवशी मी, शिकलेली बाई, कागदांवर नुसत्या फुल्या बघून सह्या ठोकत गेले. काही फॉर्म तर कोरे होते.

"चावी एकच काऊन देऊन राह्यले?" आदेशने विचारलं.

"दुसरी आरटीओचं काम झालं की देतो जी भाऊ. रूलच आहे तसा."

मग फोटो काढला. निघताना मागच्या आवारात आमची जीप उभी दिसली, दसऱ्याचा तिचाही हार अजून ताजा होता. आदेश तिच्याजवळ गेले, बॉनेटवर एक थाप दिली आणि नव्या गाडीत येऊन बसले. मला तेव्हा हसू आलं होतं.

पाचव्या दिवशी कोजागिरी होती. आदेश नव्या गाडीने आत्याकडे पेढे द्यायला गेले होते. मी अंगणवाडी आटोपून घरी आले, सणाचा दिवस म्हणून तीच मोरपंखी साडी नेसले आणि बोरिंगवर पाणी आणायला गेले. आमचं बोरिंग घराच्या अगदी दारासमोर आहे. शेजारच्या शकुबाई हंडा भरत होत्या.

तेवढ्यात एक माणूस मोटारसायकलवर आला. डोक्यावर हेल्मेट, पाठीला काळी बॅग, पायात बूट. बोरिंगजवळ गाडी थांबवली आणि विचारलं, "आदेश निकुरे इथंच राहतात का?"

मी हँडल सोडलं. "तुमी कोन?"

"आहे एक काम. थोडी माहिती पाहिजे होती. काय करतात ते? घरी कधी सापडतात? त्यांच्याकडे कोण कोण येतं? कमाई किती असेल साधारण?"

"पन तुमी कुठून आले?"

"ते सांगता येत नाही, ताई."

आता हे प्रश्न पुण्या-मुंबईत कोणी विचारले तर बाई म्हणेल, बँकेचा असेल. आमच्याकडे ते प्रश्न ऐकले की लोक दार लावून घेतात. आणि माझं दार इतरांपेक्षा आधी लागतं.

माझं माहेर एटापल्लीकडचं. मी नऊ वर्षांची असताना दोन माणसं अशीच आली होती, सायकलवर. मी मोहाच्या झाडाखाली खेळत होते. त्यांनी गोड आवाजात विचारलं, झिंगूचं घर कोणतं, बाळ? झिंगू म्हणजे माझा धाकटा काका. मी नुसतं बोट दाखवलं नाही, एकाचा हात धरून त्यांना आमच्या दारापर्यंत घेऊन गेले. काका त्यांच्याबरोबर गेला तो परत आला नाही. ती माणसं खाकीतली होती की जंगलातली, ते आमच्याकडे आजही कोणी बोलत नाही. आई मला मारेल असं वाटलं होतं. तिने मारलं नाही. माझी हनुवटी धरून एवढंच म्हणाली, "कोनी नाव इचारलं का नाई म्हनाव. आपल्या मानसाचं तं कधीच सांगाव नाई."

ते वाक्य माझ्या हाडात गेलंय.

"या नावाचा इथी कोनी राहत नाई," मी त्या माणसाला म्हणाले.

"पत्ता तर हाच आहे. हेच घर ना?"

"हे माझं घर आहे. या नावाचा मानूस इथी नाई."

त्याने शकुबाईंकडे बघितलं. त्यांनी हंडा डोक्यावर घेतला आणि सांगितलं, "नाई बा. आमी तं हे नावच आयकलं नाई कधी." आदेशच्या जन्माच्या वेळी नाळ कापायला हीच बाई बसली होती.

त्याने खिशातून मोबाइल काढून वर धरला. मी हात आडवा केला तोपर्यंत त्याचं काम झालं होतं. तो निघून गेला. शकुबाई म्हणाल्या, "बरं केलं वं बाई." मलाही बरं केल्यासारखं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी माझी छाती फुगली होती. नऊ वर्षांच्या त्या पोरीला आज कुठे शहाणपण आलं, असं वाटलं.

संध्याकाळी आदेश आले ते गाडीचा हॉर्न वाजवतच. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढू देत नव्हते. त्या आनंदात मी त्यांना सांगितलं नाही की कोणी विचारत आलं होतं. कशाला धसका द्यायचा? बाहेर फिरणारा माणूस, घाबरून बसला तर फेऱ्या कोण करणार? सगळ्यात मोठी चूक ती. बोरिंगवर बोलले ती भीती होती, तिला मी माफ करते. घरात गप्प बसले, त्याला माफी नाही.

दिवाळीनंतर प्रणितचा फोन आला. आमच्या गावात फोन फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं तर लागतो, तिथे आदेश रोज संध्याकाळी चढायचे. उतरले तेव्हा चेहरा पडला होता. फायनान्स कंपनीने फाइल नाकारली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूम गाठलं. दसऱ्याला पेढा भरवणारे हात त्या दिवशी पाणीसुद्धा विचारेनात. प्रणित आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होता. मॅनेजरने काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं की दुसरी एक फायनान्स कंपनी तयार आहे, पण व्याज जवळपास दुप्पट आणि डाउन पेमेंट अजून पाहिजे. नाहीतर गाडी परत करा. गाडी वापरली त्याचे पैसे भरलेल्या रकमेतून कापले जातील.

"तं मंग माही जीप वापस द्या," आदेश म्हणाले. "तुमची तुमाले, माही मले."

"ती विकली गेली."

"कधी?"

"चौथ्या दिवशीच. चिमूरच्या पार्टीला."

"माहं फायनान्स झालं नव्हतं तं माही गाडी कशी विकली तुमी?"

मॅनेजरने फाइल उघडली, एक कागद काढला आणि बोट ठेवलं. फायनान्स मंजूर न झाल्यास सर्व जबाबदारी ग्राहकाची, बदली दिलेल्या वाहनावर ग्राहकाचा हक्क राहणार नाही. खाली आदेशची सही. तिच्या खाली माझी, वळणदार.

"पन फाइल नाकारली कशामुळे?" मी विचारलं. मीच विचारलं, दुसऱ्या कोणी नाही.

"व्हेरिफिकेशन निगेटिव्ह. कंपनीचा माणूस तुमच्या गावी गेला होता. रिपोर्ट आहे, अर्जदार पत्त्यावर राहत नाही."

मला बोरिंगवरचा हेल्मेटवाला आठवला. आदेश मात्र खुर्चीतून उठले. "खोटं आहे हे. कोनी आलंच नाई आमच्या गावात. आला असता तं लहान पोरानं सांगितलं असतं निकुरेचं घर कोनतं ते. घरी बसून रिपोर्ट लिवला त्यानं." माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग यायले. तू तं गावातच असते. आला होता का कोनी?"

मॅनेजर बघत होता. प्रणित काचेपलीकडून बघत होता. आदेशच्या कपाळाची शीर उडत होती, आणि मी इतकी वर्षं जपलेलं ते एकच उत्तर दिलं.

"नाई," मी म्हणाले.

आम्ही बाहेर येताना प्रणित तेवढा पुटपुटला, "मी सांगाले फोन लावला होता भाऊ, की मानूस येईल म्हणून. लागला नाई तुमचा." त्याचंही खरं असेल. टाकीवर कोण दिवसभर बसतं?

आदेशने गाडी परत द्यायला नकार दिला. पंधरा दिवसांनी ते मुलचेऱ्याच्या स्टँडवर चहा प्यायला उतरले. गाडी लॉक केली, चावी खिशात टाकली. चहा अर्धा झाला असेल, गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत चालू झाली आणि वळून निघून गेली. ते मागे धावले. चोरी झाली म्हणून पोलीस ठाण्यात गेले, तिथल्या शिपायाने शोरूमला फोन लावला तेव्हा कळलं. त्यांचाच माणूस दुसऱ्या चावीने घेऊन गेला होता. आरटीओचं काम झालं की मिळणार होती ती चावी. शिपाई म्हणाला, हे दिवाणी प्रकरण आहे, आमच्याकडे नाही येत. आदेश त्या दिवशी नऊ किलोमीटर चालत घरी आले. खिशात एका गाडीची चावी होती आणि गाडी एकही नव्हती.

आमच्या जुन्या जीपचे मेकॅनिक कय्यूमभाई. त्यांना हे कळल्यावर ते स्वतः गावी आले. "ऐसे कैसे ले जाते?" म्हणाले. "माझी लेक अमरीन गडचिरोलीला वकिली करते. फी-बीचं नंतर बघू. चला तुम्ही." अमरीन माझ्याच वयाची असेल. तिने सगळं ऐकलं, कागद वाचले आणि ग्राहक मंचात केस टाकायची ठरवली. आदेशची मागणी साधी होती, जीप परत पाहिजे, नाहीतर तिची पूर्ण किंमत आणि भरलेले पैसे.

"आणि व्हेरिफिकेशनचं नक्की ना?" अमरीनने विचारलं. "कोणीच आलं नव्हतं?"

"कोनीच नाई," आदेश म्हणाले. "हे दिवसभर गावात असते, तिले इचारा."

"मग वहिनींचंही प्रतिज्ञापत्र घेऊ. अंगणवाडी सेविका आहेत, वजन पडेल."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. ओठावर आलं होतं. पण समोर कय्यूमभाई बसले होते, ज्यांनी आमच्यासाठी दिवसभर गॅरेज बंद ठेवलं होतं, आणि आदेश, ज्यांनी गावभर, स्टँडभर, नातेवाइकांत ओरडून सांगितलं होतं की कोणी आलंच नाही. मी सांगितलं असतं तर ते सगळ्यांत खोटे पडले असते. अमरीनने कागद टाइप करून आणला. शोरूममध्ये मी न वाचता सही केली होती. इथे अक्षर न् अक्षर वाचून केली.

केस दीड वर्ष चालली. मधल्या काळात आदेश दुसऱ्याच्या काळी-पिवळीवर रोजाने जायला लागले. त्याच रस्त्यावर, त्याच स्टँडवर. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा म्हणाले, "आज एकानं ए ड्रायव्हर म्हनलं." मी भाकरी वाढत होते. मला वाटलं, आत्ता सांगावं. नाही सांगितलं. मग रोजच नाही सांगितलं.

तारखेला समोरच्यांचा वकील आला, हातात एक पातळ फाइल. आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो होतो. तो उभा राहिला आणि मंचाच्या अध्यक्ष बाईंना म्हणाला की फायनान्स कंपनीकडून मूळ रिपोर्ट आलाय, सोबत जागेवर काढलेला फोटो आहे, त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेलं आहे.

रंगीत कागद अध्यक्ष बाईंनी पाहिला आणि आदेशना पुढे बोलावलं. "हे तुमचं घर आहे का?"

मला बसल्या जागेवरून दिसत होतं. आमचं निळं दार. दारावरचं दसऱ्याचं तोरण. बोरिंग. आणि हात आडवा धरलेली मोरपंखी साडीतली बाई, अर्धा चेहरा हातामागे.

आदेशने कागद हातात घेतला. त्या दाराला रंग त्यांनी स्वतः दिला होता. साडी त्यांनीच आणली होती, दुकानात तीन वेळा भाव करून. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ हळूहळू ताठ झाली.

"नाई," ते म्हणाले. "हे घर माहं नाई. यायचा मानूस दुसऱ्याच्या घरी गेला असन."

"आणि ही बाई?"

"वळखत नाई."

आवाज जरासुद्धा हलला नाही. माझ्या मनात काय आलं ते लाज सोडून लिहिते. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मला वाचवलं, असं वाटलं. आणि मग ध्यानात आलं, त्यांनी एकदाही वळून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

वकिलाने फाइलमधून दुसरा फोटो काढला. शोरूमने दसऱ्याला त्यांच्या पेजवर टाकलेला. थर्माकोलची चावी, झेंडूचा हार, मोरपंखी साडी. त्याने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. अध्यक्ष बाईंनी दोन्हींकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे. आदेश खाली बघत होते.

मी उठले. "दोन्ही मीच आहे, मॅडम," मी म्हणाले. "तो मानूस आला होता. मीच त्याले सांगितलं का या नावाचा कोनी राहत नाई. यायले माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाई यायले."

"का सांगितलं तसं त्याला?"

मी झिंगूकाकाचं सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील. शोरूमचा वकील म्हणाला, याचा प्रकरणाशी संबंध नाही, आणि टायपिस्टचा हात थांबला. माझं पुढचं बोलणं कागदावर आलं नाही.

निकाल दोन महिन्यांनी लागला. अमरीनने फोनवर वाचून दाखवला, मी टाकीवर उभी होते. तक्रारदारांनी शपथेवर खोटं कथन केलं, ते स्वच्छ हातांनी मंचासमोर आले नाहीत, सबब तक्रार खारीज. जीपचं नावसुद्धा त्यात पुसटसंच होतं. शोरूमने कापून उरलेले थोडे पैसे आधीच परत केले होते, तेवढेच.

"एक सांगू वहिनी?" अमरीन म्हणाली. ती चिडली नव्हती, थकली होती. "कोणी आलं नव्हतं, हे सिद्ध करायची आपल्याला गरजच नव्हती. कर्ज मंजूर व्हायच्या आधी त्यांनी गाडी दिली, तुमची जीप विकून टाकली, दुसरी चावी ठेवून गाडी उचलून नेली. एवढ्यावर आपण जिंकलो असतो. तुम्ही मला पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं, तरी जिंकलो असतो."

शोरूमवाले खोटं बोलले नाहीत कुठे. त्यांनी कागद दाखवले, आमच्या सह्या दाखवल्या, आमचेच फोटो दाखवले. खोटं बोललो ते आम्ही. त्यांनी लुबाडलं आणि स्वच्छ राहिले, आम्ही लुबाडले गेलो आणि खोटारडे ठरलो. याचा विचार आला की अजूनही माझ्या हाताच्या मुठी वळतात.

त्या तारखेच्या दिवशी गडचिरोलीहून परत येताना एसटीत आदेश खिडकीशी बसले होते. आष्टी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी ऐकून घ्यायला तयार होते. शेवटी मीच विचारलं, "वळखत नाई काऊन म्हनलं तुमी? मी तं बाजूलेच होती."

ते खिडकीबाहेरच बघत होते. "तूच सांगितलं ना त्याले, मी तिथी राहत नाई म्हनून," ते म्हणाले. "मंग मी तुले कसा वळखन?"

 

निकालानंतर आदेश चिमूरला गेले, जीप घेणाऱ्याला भेटायला. लटारू नावाचा माणूस, वयस्कर, स्वभावाने सरळ. जीप त्याच्या दारात धूळ खात उभी होती. परमिट त्याने कसंबसं शेतीच्या मालासाठी करून घेतलं होतं, पण गाडी थंडीत चालूच व्हायची नाही, दोन ड्रायव्हर सोडून गेले होते. आदेशने विकत मागितली, तो तयार नव्हता, आणि तयार असता तरी आमच्याकडे काय होतं? आदेशने नुसता हातपंप सात वेळा दाबला, बॉनेटवर थाप दिली, उतारावर सोडली. पहिल्या झटक्यात चालू झाली. लटारू बघतच राहिला. "तुमी याच जी मंग माह्याकडे," तो म्हणाला. "राहाले खोली देतो."

आता आदेश तिथेच असतात. स्वतःच्या जीपवर दुसऱ्याचे ड्रायव्हर. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी यायचे, मग महिन्याने. या वर्षी दसऱ्याला आले नाहीत, कापसाची वाहतूक होती म्हणे. पैसे पाठवतात, वेळेवर. भांडण झालंय का असं शकुबाई विचारतात. भांडण कुठे झालंय? भांडायला माणूस समोर लागतो.

परवा बोरिंगवर आम्ही तीन-चार बायका होतो. एक माणूस मोटारसायकलवर आला, हेल्मेट घातलेला, बॅग लावलेला. नवीन डाकवाला होता, जुन्याची बदली झाली आहे. त्याने बॅगेतून लांब पाकीट काढलं. मंचाचा शिक्का होता, निकालाची नक्कल असणार.

"आदेश निकुरे इथंच राहतात का?" त्याने विचारलं.

शकुबाईंनी हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दार माझ्या मागेच होतं, निळा रंग आता पोपडे धरायला लागलाय.

"नाई," मी म्हणाले. "इथी नाई राहत."

त्याने खिशातून पेन काढलं, पाकिटावर तसं लिहिलं आणि ते परत बॅगेत टाकलं. या वेळी मी खरं सांगितलं होतं.